दुसऱ्याची चिमूट

धाकटीने डबीत बोटं घातली, चिमूट उचलली, डबीच्या काठावर हात धरून जास्तीची पूड झटकली आणि मान मागे टाकून उरलेली जिभेवर सोडली. वरून पाण्याचे दोन घोट. तोंड वाकडं झालं, मग सरळ झालं. या सगळ्याला चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. समोर बसलेल्या त्याने हातातला कप खाली ठेवला तो बशीत न बसता बशीच्या कडेवर टेकला, आणि टेबलावर चहाचा एक ओघळ धाकटीच्या पर्सकडे निघाला. तिने पर्स उचलली, फडकं आणलं, पुसलं. कुठे लक्ष आहे भावोजी, म्हणाली. त्याचं लक्ष तिच्या बोटांकडे होतं. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हींच्या टोकांना तपकिरी रंग लागला होता, आणि त्या दोन टोकांमध्ये आता काहीच नव्हतं.

धाकटी म्हणजे त्याच्या बायकोची पाठची बहीण. वयाने पन्नाशीची झाली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणत, आणि आता असं म्हणणारा तो एकटाच उरला होता. बायको जाऊन चौदा महिने झाले होते. तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी सकाळी धाकटी यायची, कपाटातले कपडे उगाच पुन्हा घडी घालायची, तो नीट जेवतो की नाही ते भांडी बघून ठरवायची. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. गेल्या वर्षापासून तिच्या बोटांचे सांधे धरायला लागले होते. हे दुखणं त्यांच्या माहेरचंच. आईला होतं, ताईला होतं, आता हिला. ते त्याला माहीत होतं. मुळीची पूड मात्र आज पहिल्यांदा दिसली. कधीपासून घेतेस, त्याने विचारलं. पाच आठवडे झाले, ती म्हणाली, त्याच मुळीवाल्याकडून आणली, ताईला एवढा गुण आला होता म्हणून. मुळीवाल्याने ताईची चौकशी केली होती. गेली म्हटल्यावर कशाने गेली ते त्याने विचारलं, आणि लिव्हरने, असं हिने सांगितलं तेव्हा पूड कशी घ्यायची ते त्याने हिला दोनदा सांगितलं म्हणे.

"आणि चिमटीने घेतेस?" त्याने विचारलं.

"मग काय पावशेराच्या मापाने घेऊ? म्हाताऱ्याचा नियमच आहे तो. ज्याला दुखतंय त्यानेच आपल्या बोटांनी घ्यायची, दुसऱ्याने भरवायची नाही. बोटं दुखली, चिमूट भरली नाही, तर नाही भरली. त्या दिवशी तेवढीच." ती हसली. "ताईला सांगितलं असेलच की त्याने. तुम्ही होतात ना बरोबर?"

होतो, तो म्हणाला. आणि उठून खिडकीशी गेला, कारण चेहरा कुठेतरी ठेवायला हवा होता.

सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत. मुळीवाल्याची ती खोली त्याला आठवत होती; गोदामाच्या मागची, खाली पोत्यांची थप्पी, भिंतीवर तारीख न बदललेलं कॅलेंडर, आणि एक लांब बाक, ज्यावर बायको दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. तेव्हा तिला हात पालथे ठेवले तरी दुखायचं. मुळीवाला सत्तरीचा, पैलवानी अंगाचा, हात परातीएवढे. त्याने पूड दाखवली, सकाळी उपाशीपोटी एक चिमूट म्हणून सांगितलं, आणि मग तो बोटांचा नियम. हे ऐकून त्याला हसू आलं होतं. अठ्ठावीस वर्षं तो एका कारखान्यात वजनाचे काटे दुरुस्त करत होता. प्रयोगशाळांचे, औषधाच्या कारखान्यांचे, सोनारांचे. कारखान्यात त्याला मिलिग्रॅम म्हणत. मिलिग्रॅम आला, श्वास रोखा, म्हणत. वजनाला कधी बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं, हे त्याच्या वस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलेलं. बोटाला घाम असतो आणि घामालाही वजन असतं. अशा माणसाला कुणी सांगावं की औषध बोटाने मोजा. तुमची चिमूट दाखवा जरा, तो मुळीवाल्याला म्हणाला होता. मुळीवाला म्हणाला, माझी कशाला, ज्यांना घ्यायची त्यांची पाहा. तिची बोटं मिटत नाहीत, तुम्ही दाखवा, त्याने हट्टच धरला. म्हाताऱ्याला गंमत वाटली असावी. त्याने कागदावर एकेक करून दहा चिमटी ओळीने टाकल्या. याने त्या दहा वेगवेगळ्या पुड्यांत बांधून घेतल्या. वाटेत बायकोला म्हणाला, या लोकांच्या बोटांना डोळे असतात वाटतं. ती हसली होती. तिला हसताना हात दुखत नसत, एवढं एक बरं होतं.

घरी येऊन त्याने खिडकीजवळचा काचेच्या पेटीतला काटा पुसला. दहाही पुड्या एकेक करून तोलल्या. सर्वांत हलकी सहाशे दहा, सर्वांत जड सहाशे ऐंशी. सरासरी काढली. सहाशे चाळीस मिलिग्रॅम. त्या दिवसापासून दर रविवारी तो आठवड्याच्या सात पुड्या बांधायचा, बटर पेपरचे चौकोन कापून, घड्या सारख्या घालून, प्रत्येकीवर वार लिहून. सहाशे चाळीस, दोन मिलिग्रॅम इकडे किंवा तिकडे. त्याला ते काम फार आवडायचं. हे कबूल करायला आता जीभ रेटत नव्हती, पण आवडायचं हे खरं. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिच्यासाठी करता येण्यासारखं, त्याला स्वतःला नीट येतं असं, हे पहिलंच काम होतं. स्वयंपाक त्याला येत नव्हता. बोलणं येत नव्हतं. पुडी येत होती. त्या सुमारास पेपरात त्या मुळीवरून जुंपली होती. एका बाजूला पत्रं यायची, आमचे पाय परत आले, आमची आई पुन्हा जिने चढते, आमच्या मुळीला हात लावू नका. दुसऱ्या बाजूला डॉक्टर लिहायचे, लिव्हर जातं, आमच्याकडे येतात तेव्हा उशीर झालेला असतो, कुणी किती घेतली हे कुणालाच सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य त्याने बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. बघ, म्हणाला होता, खरा घोटाळा इथे आहे, लोक अंदाजाने घेतात. आपल्याकडे अंदाज नाही.

आणि गुण आला. हे कुणी त्याच्याकडून काढून घेऊ शकत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःची वेणी स्वतः घातली. महिन्याभरात बरण्यांची झाकणं उघडायला लागली, त्याने आधीच सैल करून ठेवलेली सुद्धा मुद्दाम घट्ट लावून पुन्हा उघडायची. दोन वर्षं डॉक्टरांच्या गोळ्यांना पोट जाळण्यापलीकडे जे जमलं नव्हतं, ते एका पुडीने केलं. तीन जिने चढून ती गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची, आणि वरून त्याला हाक मारायची, काही काम नसताना, फक्त वर पोहोचले हे कळावं म्हणून. ही हाक खोटी होती का? पेपरातल्या डॉक्टरांनी ती हाक ऐकली नव्हती. पाचव्या महिन्यात मुळीचा नवा माल आला, जरा जास्त काळसर, जास्त कडू. तो कुठल्या डोंगरावरचा, कधी खणलेला, कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. तोलला. सहाशे चाळीस. आता खिडकीशी उभं राहून त्याच्या मनात आलं, काटा वजन सांगतो. एवढंच सांगतो. पुडीत काय आहे ते त्याला माहीत नसतं. हे कारखान्यातला कालचा पोरसुद्धा जाणतो, आणि अठ्ठावीस वर्षांनी ते त्याला कळत होतं, तेही मेव्हणीच्या दोन बोटांकडे बघून.

मागे धाकटी कप विसळत होती आणि बोलत होती. शाळेत नवीन मुख्याध्यापिका आल्या आहेत, त्यांना शिवणाचा तास नकोच आहे, कात्रीच्या जागी कॉम्प्युटर हवेत. मुलींसमोर कात्री धरता आली नाही की त्यांना आयतंच निमित्त मिळणार. म्हणून ही पूड. पाच आठवड्यांत बोटं मोकळी झाली, सकाळी मूठ मिटते, पण अंगठा अजून ऐकत नाही. जाड कापड कापताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ती हे सगळं हसतहसत सांगत होती, तिच्या ताईसारखंच, दुखण्याला नावं ठेवत, जणू दुखणं म्हणजे शेजारची भांडखोर बाई. तो ऐकत होता आणि हिशेब नको असताना डोक्यात चालू होता. हिची चिमूट किती असेल? दोनशे? बायकोचे हात हिच्याहूनही लहान. लग्नातली अंगठी दोनदा कमी करून घ्यावी लागली होती. मिटत नसलेल्या, सुजलेल्या बोटांत किती आली असती? दीडशे? काही दिवशी काहीच नाही. मुळीवाल्याच्या नियमात अंगारा-धुपारा काही नव्हता. लहान माणसाला लहान चिमूट. ज्या दिवशी अंगात कमी, त्या दिवशी बोटात कमी. त्या खुळ्या वाटणाऱ्या बोलण्यात एक काटा होता, आणि तो काढून त्याने स्वतःचा बसवला होता. पैलवानाच्या बोटांतलं माप दोनशे दहा दिवस बायकोच्या पोटात. त्याने हात विजारीला पुसले.

गप्प बसता आलं असतं. हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं, आणि ते इतकं स्वच्छ दिसतं याचीच भीती वाटली. धाकटीला म्हणायचं, सोड ही पूड, पेपरात काय काय येतं. ती म्हणणार, पेपरवाल्यांना काय. मग आपण म्हणायचं, बघ बाई तुझं तू. सरळ. ती तिच्या बोटांनी घेतेय, नियमाने घेतेय, कदाचित तिला काहीच होणार नाही. कदाचित. मुळीवाला स्वतः वीस वर्षं घेतो म्हणतात. कदाचित बायकोलाही त्यामुळे काही झालं नव्हतं. शेवटच्या दिवशी पोटाचे डॉक्टर म्हणाले होते, कारण नक्की सांगता येत नाही, कधी कधी लिव्हर असंच जातं. चौदा महिने त्याने ते वाक्य जपलं होतं. सकाळी उठल्यावर ते पहिल्यांदा आठवायचं, मग चहा. पण त्या वाक्याच्या आधी काय झालं होतं तेही त्याला ठाऊक होतं. आधी तिला खाज सुटली, मग अन्न नकोसं झालं, मग एका सकाळी आरशासमोर ती म्हणाली, माझे डोळे बघा हो. दवाखान्यात भरती केल्यावर त्याच डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही देता का, काढा, पूड, मुळी? बायको ग्लानीत होती. तो म्हणाला, नाही. का म्हणाला? डॉक्टर तरुण होते, घाईत होते, आणि काढा हा शब्द त्यांनी असा उच्चारला होता की हो म्हणणारा माणूस खुळा ठरावा. त्याला खुळं ठरायचं नव्हतं. आपल्याकडे अंदाज नाही, हे त्यांना सांगून कळलं नसतं. चौथ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी खुर्ची ओढून, शांतपणे. तेव्हा हो म्हणायचं म्हणजे आधीचं नाही खोटं होतं असं म्हणायचं. तो पुन्हा नाही म्हणाला. अकराव्या दिवशी ती गेली.

"धाकटे," तो म्हणाला, "इकडे ये जरा. डबी घेऊन."

ती हात पुसत आली. काट्यावरचं कापड त्याने काढलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच. तिला म्हणाला, रोज घेतेस तशीच चिमूट या पारड्यात टाक. तिला वाटलं, गंमत. म्हणाली, आता माझं पण मिलिग्रॅम करणार का. त्याने उत्तर दिलं नाही. तिने चिमूट टाकली, काचेचं दार त्याने लावलं, चिमट्याने एकेक वजन ठेवत गेला. एक वजन निसटून पेटीत पडलं, तो थांबला, पुन्हा उचललं. एकशे पंच्याण्णव. पुन्हा टाक म्हणाला. दोनशे दहा. तिसऱ्यांदा एकशे ऐंशी. धाकटीचं हसू आता गेलं होतं. ती काचेतून बघत होती, आजाऱ्याच्या खाटेजवळ उभं राहून बघतात तशी.

"ताईची किती होती?" तिने विचारलं.

"सहाशे चाळीस," तो म्हणाला. "मी द्यायचो. तोलून. मुळीवाल्याच्या चिमटीचं वजन होतं ते, तिच्या नव्हे."

एवढं बोलल्यावर तो थांबला. त्याला वाटलं, सांगून झालं. एवढ्यावरून ती समजेल, किंचाळेल, डबी भिरकावेल, काहीही करेल आणि ते आपण सोसू. धाकटीने पारड्यातल्या त्या चिमुकल्या ढिगाकडे बघितलं, आणि स्वतःच्या अंगठ्याकडे, तो जरासा हलवून पाहिला.

"म्हणजे मी तिसरा हिस्सासुद्धा घेत नाही," ती सावकाश म्हणाली. "तरीच अंगठा राहिलाय. ताईला तीन आठवड्यांत वेणी घालता यायला लागली होती."

अर्धं खरं बोलण्याने काय होतं ते त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं. ती मनात सहाशे चाळीस हा आकडा घोळवत होती. सोमवारपासून ती तीन चिमटी घेणार, पुन्हा हसतहसत, शाळेतली कात्री वाचवण्यासाठी, आणि तो आकडा तिला त्याने दिला होता. त्याच काट्यावर, त्याच चिमट्याने, दुसऱ्यांदा. तो बसला नाही. बसलो तर बोलता येणार नाही असं त्याला वाटलं. टेबलाची कड धरून तो बोलला, आणि चेहरा कुठे ठेवावा हा प्रश्न आता उरला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं होतं, बाहेरची मुळी देता का, तो म्हणाला. दोनदा. मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. त्यांना कळलं असतं तर काही करता आलं असतं की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण त्यांना मी कळू दिलं नाही.

धाकटीने डबीचं झाकण हातात घेतलं. लावलं नाही, नुसतं धरलं. रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा तोच घरघराट.

"ताईला तरी माहीत होतं का," तिने विचारलं, "की ती दुसऱ्याची चिमूट आहे?"

होतं, तो म्हणाला, तिच्या समोरच घेतली होती. आणि आता जे वर आलं ते त्याने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. ते विसरलेलं नव्हतं. एखाद्या खोलीचं दार बंद ठेवून घरात वावरावं तसं होतं. सहाव्या महिन्यात, एका सकाळी, बायको मोरीच्या कट्ट्याशी उभी होती, पुडी उघडलेली तळहातावर. म्हणाली होती, अहो, थोडी कमी करू या का, हल्ली घशाखाली उतरत नाही, मन नको म्हणतं. तो दाढी करत होता. वळलाही नव्हता. "मी म्हणालो, मोजलेली आहे," तो धाकटीला म्हणाला. "एवढंच म्हणालो. मग तिने घेतली."

धाकटी रडेल असं त्याला वाटलं, पण ती रडली नाही. तिचा चेहरा कोरा झाला, शाळेत मुलींचं शिवण उसवायला घेताना होत असेल तसा. तिने डबीचं झाकण लावलं, डबी पर्समध्ये टाकली, पर्स खांद्याला अडकवली. त्याला वाटलं, ही चालली, आता पुढल्या खेपेला कुणी येणार नाही, आणि ते बरोबरच आहे. दाराशी जाऊन ती थांबली.

"चपला घाला," ती म्हणाली. "ताईच्या पोटाच्या डॉक्टरांचा दवाखाना शनिवारी एकपर्यंत असतो."

त्याला कळेना. म्हणाला, आता त्यांना सांगून काय, ती तर गेली.

"मी आहे ना," धाकटी म्हणाली. "माझं रक्त तपासायचं असेल तर त्यांना काय शोधायचं ते कळायला नको? आणि किती घेतलं की काय होतं, हे त्यांना सांगणारं दुसरं कोण आहे? किती दिवस, किती वजन, सगळं सांगा. तुमच्याकडे अंदाज नाही ना."

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते फार आत गेलं. त्याने चपला घातल्या. जिन्यावर ती पुढे, तो मागे. ती कठड्याला धरून उतरत होती, तळवा टेकवून, बोटं वर उचललेली. आपण हात द्यावा असं त्याच्या मनात आलं आणि द्यायचा धीर झाला नाही. त्या खोलीत डॉक्टर तेच असतील, टेबल तेच. ते काय म्हणतील? खुर्ची ओढतील की दार दाखवतील? कारखान्यात कळेल, शेजारी कळेल. मधल्या वळणावर धाकटी थांबली. मागे न वळता तिने विचारलं, दुखायचं पहिल्यांदा थांबलं त्या दिवशी ताईने काय केलं?

त्याला विचार करावा लागला नाही.

"झोपली," तो म्हणाला. "दोन वर्षांत पहाटे चारच्या पुढे कधी झोप नव्हती तिला. त्या दिवशी सकाळी अकरा वाजले तरी उठेना. हाक मारली तरी हलली नाही. मी घाबरलो. नाकाशी बोट धरून बघितलं."

"मग?"

"श्वास चालू होता. मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो, ती उठेपर्यंत."

धाकटीने कठड्यावर तळवा पुन्हा टेकवला. मग ती उतरायला लागली, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, आणि तोही तिच्या मागे तसाच उतरू लागला.